एकशे चाळीसचा जेट

“चौतीसचा कार्ब्युरेटर बसवून बघितला, अठ्ठावीसचाही बघितला,” आत्या म्हणाली. “मोठा लावला की गाडी वळणावर गुदमरते, लहान लावला की सरळ रस्त्यावर धापा टाकते. तीसचाच बरा. आता फक्त जेट ठरवायचा.”

गॅरेज आत्याचं, मोटारसायकल भिंगरीची. भिंगरी म्हणजे आत्याच्या भावाची एकुलती एक मुलगी. एका जागी म्हणून टिकत नाही, तेव्हा हे नाव पडलं ते पडलंच. टू-स्ट्रोक इंजिनाचा सिलिंडर आत्याने स्वतः कोरून मोकळा केला होता आणि उद्या सकाळी शर्यत होती.

दाराशी स्टुलावर भाऊ बसला होता. तो घड्याळजी. तीन आठवडे त्याने बहिणीशी अबोला धरला होता. गेल्या वर्षी भिंगरी पडली, खांद्याचं हाड मोडलं, तेव्हापासून शर्यतीचं नावही त्याला नको होतं. आज मात्र स्वतःहून आला. “पोरगी काही ऐकायची नाही, ताई,” तो म्हणाला. “मग मी तरी रुसून का बसू?” आत्याला इतकं बरं वाटलं, की तिने त्याला लगेच कामालाच लावलं.

“घे, तूच काढ.” तिने कार्ब्युरेटरच्या बुडाचा नट दाखवला. “घड्याळजीचे हात, वाया कशाला घालवायचे?”

भावाने नट फिरवला, आतला जेट, म्हणजे हरभऱ्याएवढा पितळी तुकडा, अलगद बाहेर काढला. त्याला आरपार बारीक भोक आणि अंगावर आकडा. “एकशे पंचावन्न. हे काय?”

“भोकाचं माप. आकडा मोठा, पेट्रोल जास्त.”

“आणि आकडा लहान, पेट्रोल कमी.”

“शहाणा आहेस. आईला उगाच काळजी होती तुझी.”

भाऊ कितीतरी दिवसांनी हसला.

मग तेच सुरू झालं. भावाने जेट बदलायचा, भिंगरीने मागच्या मोकळ्या रस्त्यावर थ्रॉटल पूर्ण पिळून गाडी पळवायची, इंजिन बंद करायचं, आत्याने प्लगचा रंग बघायचा. एकशे पंचावन्नला प्लग काजळीने काळाकुट्ट. एकशे पन्नासला ओलसर. एकशे चाळीसला मात्र भाजलेल्या बिस्किटाचा रंग आला.

“झालं,” आत्या म्हणाली. “आता प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला तरी याला हात लावायचा नाही.”

भाऊ कोपऱ्यावर चहा सांगायला गेला, तशी भिंगरी आत्याच्या कानाशी लागली.

“आत्या, एकशे पस्तीस घालू ना. अजून पळेल.”

“पळेल की! नुसती सुटेल. विझताना दिवा मोठा होतो ना, तशी.” आत्याने पाना खाली ठेवला. “अगं, या इंजिनाला ऑइल पेट्रोलातूनच मिळतं. पेट्रोल कमी, की ऑइलही कमी. थोडा वेळ वाऱ्यासारखी जाशील. मग पिस्टन तापून फुगेल, सिलिंडरात चिकटेल, आणि भर वेगात मागचं चाक जागच्या जागी जाम. पुढचं मला बोलवत नाही.”

“बरं बाई, राहिलं.” भिंगरी म्हणाली खरी, पण तिची नजर जेटच्या डबीवरून हलेना. आत्याने ते पाहिलं.

चहा झाला. भिंगरी कपबशा परत द्यायला गेली. आत्या मागच्या नळावर हात घासत बसली. तो काळा थर काही लवकर निघत नाही. गाडीपाशी भाऊ होता, त्यामुळे तिला घोर नव्हता. निघताना मात्र तिने जेटची डबी उचलून पर्समध्ये टाकली आणि गॅरेजला दोन कुलपं लावली. विषाची परीक्षा कशाला घ्या?

सकाळी मैदानावर कडाक्याची थंडी होती. आत्याने भिंगरीला बाजूला घेतलं.

“जेटला हात लावला नाहीस ना? माझ्या डोळ्यांत बघून सांग.”

“तुझी शपथ, आत्या. नाही.”

पोरगी खोटं बोलत नव्हती. आत्याला हायसं वाटलं. इंजिन मंद फिरवून बघितलं, आवाज साफ होता. जेटचं खरं काम थ्रॉटल पूर्ण पिळल्यावर, तरी तिचं समाधान झालं.

झेंडा पडला. पहिल्या फेरीला भिंगरी सातवी होती, तिसरीला दुसरी, पाचवीला सगळ्यांच्या पुढे. लोक उभे राहिले. ओरडून ओरडून आत्याचा घसा बसला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

“बघितलंस? अरे, बघितलंस का? ही गाडी अशी पळताना मी कधी पाहिली नाही! आपली पोरगी जिंकतेय रे!”

भाऊ टाळ्या वाजवत नव्हता. सकाळपासून तो निवांत होता, शेंगदाणे खात बसला होता. आता त्याने कठडा दोन्ही हातांनी धरला होता. भिंगरी समोरून सुसाट गेली, मान खाली घालून लांबच्या सरळ पट्ट्याला लागली.

“ताई, रागावू नकोस,” तो म्हणाला. “काल तू हात धुवायला गेलीस ना, तेव्हा मी एकशे चाळीस काढून एकशे तीस घातला. पोरगी हळू जावी म्हणून. मग ही एवढी पळतेय कशी?”