एक जास्तीचा उंचवटा

दार विनितानेच उघडलं. मुलुंडच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, बाहेरच्या खोलीत दहावीची आठ-दहा मुलं सतरंजीवर बसून गणितं सोडवत होती.

"सर, तुम्ही?"

चंद्रप्रकाश नाबर चपला काढून आत आले. सोळा वर्षांपूर्वी विनिता त्यांच्या प्रयोगशाळेत पीएचडी करत होती. आता पुढच्या महिन्यात ते निवृत्त होणार होते. बसायच्या आधीच त्यांनी पिशवीतून एक कागद काढून तिच्या हातात दिला.

पाणी आणि मिथेन वायू दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये प्रचंड दाबाखाली धरले, की दोघांचा मिळून एक बर्फ होतो. दाब वाढवत नेला, की त्या बर्फाची घडण कधीतरी बदलते, आणि मग त्यावर लेसर टाकून काढलेल्या आलेखावर एक जास्तीचा उंचवटा दिसतो. कागदावर तो स्पष्ट होता. विनिताने त्यावर बोट ठेवलं.

"हा दिसला तेव्हा गॅस गळलाय, म्हणाला होतात."

"हो." नाबरांनी मान खाली घातली. "नवं यंत्र आलंय आता. सात वेळा करून बघितलं. तू सांगितलेल्याच दाबाला येतो. दर वेळी."

"मी तीनदा केलं होतं, सर. चौथ्यांदा तुम्ही करू दिलं नाहीत."

त्यांना तो दिवस आठवला. परदेशातून पाहुणे यायचे होते, यंत्र मोकळं हवं होतं. तिने पुढे केलेली वही त्यांनी उघडलीसुद्धा नव्हती. दोन महिन्यांनी पीएचडी अर्धवट सोडून ती यायची बंद झाली. एकदा फोन करावा, असं नंतर कितीदा तरी मनात आलं होतं. तेवढंच.

"मिस, हे येत नाहीये," निधी नावाच्या मुलीने सतरंजीवरून हाक मारली.

"आले गं," विनिता म्हणाली. पण कागदावरचं बोट तिने उचललं नाही.

"पेपर लिहून झालाय," नाबर घाईने म्हणाले. "पहिलं नाव तुझं टाकलंय. माझं शेवटी. तू एकदा वाचून घे, मग पाठवतो."

विनिताने कागदावरचं बोट उचललं.

"नावाखाली संस्था लिहावी लागते ना, सर? माझ्या नावाखाली काय लिहिलंत?"

ती टोमणा मारत नव्हती, खरंच विचारत होती. नाबरांनी ती ओळ कोरी सोडली होती.