पिनेत अडकवलेले टाके

फुटबॉल क्लबात कोणाला ठेवायचं, कोणाला दुसऱ्या क्लबला द्यायचं, हे मी ठरवतो; पण अशी बातमी फोनवर देत नाही. ऑक्टोबरात क्लबांमधली खेळाडूंची अदलाबदल सुरू होताच मी आमच्या लेफ्टेरिस या तरुण खेळाडूच्या घरी गेलो. "पर्थवाले तुला मागतायत. इथं मेलबर्नला आमच्याकडे राहिलास तर राखीव म्हणून बाकावरच बसशील." तो बापाकडे बघत राहिला. म्हातारा जन्मभर आमच्या क्लबचा भक्त; घरात दुसऱ्या क्लबचा कपसुद्धा चालत नसे. गळ्यात आमच्याच रंगांचा मफलर. विणता विणता बायको गेली, म्हणून शेवटचे टाके सेफ्टी पिनेत अडकवलेले. "खेळायला मिळेल का रे तिकडे पोराला?" त्यानं विचारलं. "दर शनिवारी." "रंग कोणता त्यांचा?" "जांभळा," मी चाचरत म्हणालो. "शी! वांगी!" म्हातारा तरातरा आत गेला आणि बायकोच्या सुया घेऊन आला. मफलरची पिन काढत म्हणाला, "तिनं जागा ठेवलीय. इथून पुढे वांगी."