सुरगाठ

क्लाससाठी लातूरच्या हॉस्टेलवर राहणाऱ्या साक्षीला भेटायला शेषेराव किल्लारीहून आले. लेकीनं हौसेनं त्यांना नव्या पार्कातले ससे, शेळ्या दाखवायला नेलं. लेकरं गाजरं चारत होती. शेषेराव मात्र पिंजऱ्याचं कुलूप हातात धरून उभे.

"रात्री चावी कुणाकडं असती?"

"मालकाच्या घरी," राखणदार म्हणाला. "का हो?"

"भूकंपात आमची बैलं दाव्यालाच मेली. तवापासून मी जनावराला सुरगाठच मारतो. वढली की सुटती."

राखणदार हसला. साक्षीनं लाजून बाबांना बाहेर ओढलं.

संध्याकाळी ती हॉस्टेलात शिरली आणि वॉचमननं गेटला कुलूप घातलं. शेषेरावांनी तोंड उघडायच्या आतच गेटाआडून साक्षी म्हणाली, "रेक्टर मॅडमच्या घरी, बाबा."