कौमुदीचा हेन्री

टाळ्या थांबेनात, तेव्हा धैर्यशीलने हातातल्या कागदाची घडी घातली. बायकोच्या भाषणातल्या चुका टिपायला त्याने तो आणला होता. कागद कोराच राहिला.

इंग्लंडचा पाचवा हेन्री हा त्याचा राजा. दिवसभर दूध पावडरच्या प्लांटवर इंजिनिअर, आणि घरी परतला की गॅरेजमध्ये फ्रान्सचे नकाशे पसरून त्या राजाच्या लढायांत बुडालेला. हेन्रीने जिंकलेल्या अ‍ॅजिनकोर्टच्या लढाईला सहाशे वर्षं झाली म्हणून न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनच्या एका लायब्ररीने व्याख्यान ठेवलं, तेव्हा ते आपण देऊ म्हणून त्याने आपणहून ईमेल केली होती. कौमुदीनेही केली होती, हे त्याला पोस्टरवर तिचं नाव वाचून कळलं.

ती हॉस्पिटलात नर्स. बोलली राजाच्या जखमेवर. सोळा वर्षांच्या राजपुत्राच्या चेहऱ्यात बाण कसा खोल रुतला, वैद्याने खास चिमटा घडवून त्याचं टोक कसं उपसलं, जखमेत मध कसा भरला. लोक श्वास रोखून ऐकत होते. शेजारच्या खुर्चीतले म्हातारबाबा कौतुकाने "गुड ऑन हर!" म्हणाले आणि धैर्यशीलच्या अंगाचा तिळपापड झाला.

पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, "आणि त्याची राणी?"

आता अडकणार ही, धैर्यशीलला वाटलं. त्याला स्वतःला फक्त लग्नाची तारीख ठाऊक होती.

"लग्नाच्या तिसऱ्या दिवशी तो एका शहराला वेढा घालायला निघाला," कौमुदी म्हणाली. "मग दुसरा वेढा, मग तिसरा. मुलगा झाला तेव्हाही वेढ्यावरच होता. आजारी पडून तिकडेच गेला. मुलाचं तोंडसुद्धा पाहिलं नाही."

मग पुन्हा टाळ्या.

गाडीत बसल्यावर त्याला राहवलं नाही.

"जगात इतके विषय पडलेत. माझाच राजा का घेतलास?"

कौमुदीने सीटबेल्ट लावता लावता त्याच्याकडे पाहिलं.

"त्याच्याशिवाय दुसरं काही बोलतोस माझ्याशी? म्हणून वाचायला घेतला. तू प्लांटवर गेलास की तुझीच पुस्तकं. तुझ्या लक्षातही आलं नाही."

तिने गाडी सुरू केली, रिव्हर्समध्ये टाकली आणि मागे बघत म्हणाली,

"तू आज तासभर माझ्यावर जळलास, धैर्यशील. मी त्या मेलेल्या राजावर लग्न झाल्यापासून जळतेय."