सोमवारी बदललेले प्लग

मेकॅनिकच्या मते घरात कुणी विचारत नाही तीच माणसं जुन्या गाड्या पुसत बसतात. रिटायर्ड हेडमास्तर त्यातलेच. त्यांची साठ वर्षांची गाडी घरच्या गॅरेजबाहेर कधी येतच नसे.

"मास्तर, स्पार्क प्लग सोमवारीच बदललेत. आता पंधरा हजार किलोमीटर झाले की बोलवा. म्हणजे तुमचा पणतू बोलवेल."

"झाले पंधरा हजार," मास्तर म्हणाले. "नाहीतर तू जुनेच प्लग घातलेस. सगळ्यांना सांगणार आहे मी."

आज गुरुवार होता. मेकॅनिकने प्लग काढले. त्यांवर त्याचीच लाल खूण होती, पण टोकं पार झिजली होती.

या फडकं मारत बसणाऱ्यापायी तीस वर्षांचं नाव घालवायचं? त्याने नवे प्लग बसवले, आत बसून हँडब्रेक ओढला आणि गाडी जागेवरच चालू केली.

"मीटर वाचतो, ऐका. आकडा हलला तर धंदा सोडीन!"

आकडा हलला. मग सगळेच आकडे भराभर फिरायला लागले.

"मीटरसुद्धा तुमच्यासारखाच, मास्तर! बसल्या जागी बडबड," असं म्हणत त्याने हसून मागे वळून पाहिलं. गॅरेजचं दार कुठल्या कुठे लांब गेलं होतं, आणि त्यात काडेपेटीतल्या काडीएवढे मास्तर दोन्ही हात हलवत होते.