रेनाल्दोचा फोटो

दर गुरुवारी मी वृद्धाश्रमात गप्पा मारायला जाते. पितर घरी येतात त्या सणाला दोन दिवस उरले होते, म्हणून या गुरुवारी आरास मांडायला बसले. झेंडू, मेणबत्त्या आणि प्रत्येकाच्या घरच्या गेलेल्यांचे फोटो. नैवेद्याला मक्याच्या पिठाचे वाफवलेले तमाले मी करणार होते.

एर्मेलिंदा आजींनी उशीखालून एक फोटो काढला. कपाळावर व्रण असलेला तरुण.

"माझा रेनाल्दो. मधोमध ठेव. आणि तमाले तिखट कर हो. तुझ्या त्या मिळमिळीत तमाल्यांना तो हातसुद्धा लावायचा नाही."

मुलगा गेल्याचं त्या कधी बोलल्या नव्हत्या. मला भरून आलं.

दुसऱ्या दिवशी मिरच्या घ्यायला बाजारात गेले, तर तोच व्रण! केस पिकलेला रेनाल्दो बायकोशी हुज्जत घालत झेंडू निवडत होता. नाव विचारून खात्री केली.

तशीच तणतणत आश्रमात गेले.

"आजी, जिवंत मुलाचा फोटो लावायला दिलात? तो याच गावात आहे!"

"माहितेय की. इथून चार गल्ल्या पलीकडे राहतो." आजींनी त्याच्या फोटोपुढची विझलेली मेणबत्ती पुन्हा पेटवली.



"पण गेलेली माणसं वर्षातून एकदा तरी येतात गं."