उन्हाचा चौकोन

निवृत्त सुताराने भर दुपारी, गाडीमागे जोडायच्या आपल्या फिरत्या घराच्या छताला पंख्यासाठी चौकोनी भोक पाडलं. आतल्या गादीवर उन्हाचा चौकोन पडला.

मग तो स्क्रू आणायला बाजारात गेला. परतला तेव्हा दिवेलागण झाली होती, आणि बायको गादीजवळ खिळून बसली होती.

“अहो, हे ऊन हललेलंच नाही,” ती हळूच म्हणाली.

त्याने मान वर केली. भोकातून अंधारं आभाळ दिसत होतं. गादीवर मात्र दुपार तशीच होती. त्याने उन्हात हात धरला, तर चटका बसला.

“पंखा बसवून टाकू?” त्याने विचारलं.

“थांबा जरा. जन्मभर छतं घातलीत, असं कधी पाहिलंत?”

तो तिच्याशेजारी टेकला. तेवढ्यात त्या उन्हातून पंख पसरलेल्या एका पाखराची सावली संथपणे सरकत गेली.